खरं लिहू का मार्कांचं?

नववीची सराव चाचणी चालू होती, पेपर मराठीचा. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. पुरवणी हवी असेल म्हणून मी कागद घेऊन गेले. तिने मान खाली घालून, शेजारणीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "मॅडम, स्वमत खरं लिहू का मार्कांचं?"

ज्यांची शाळा सुटून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी सांगते. हल्लीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली आधी आकलनाच्या कृती असतात आणि शेवटी 'स्वमत' नावाची कृती असते. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, गुण ३. कल्पना उत्तम आहे. मुलांनी पाठ करू नये, स्वतः विचार करावा म्हणूनच ती आणली गेली. पण गाईडवाले आपल्यापेक्षा हुशार. पहिल्याच वर्षी त्यांनी प्रत्येक धड्याखाली 'स्वमत'ची तयार उत्तरं छापली आणि मुलांनी ती पाठ केली. त्या दिवशीचा विषय मोबाईल होता. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांचं स्वमत एकच निघालं: मोबाईल हे दुधारी शस्त्र आहे, नाण्याला दोन बाजू असतात, अति तिथे माती, योग्य वापर केल्यास वरदानच. एकाने तर 'माझ्या मते'च्या जागी 'लेखकाच्या मते' लिहिलं होतं. चुकून जास्त खरं लिहिलं बिचाऱ्याने.

किशोरवयीन मुलांना काय वाटतं, या विषयावर बोलायला सगळे तयार असतात. आजकालच्या पोरांना कशाचंच काही नाही, असं एक जण म्हणतो. ही पिढी फार जागरूक आहे, असं दुसरा म्हणतो. दोघांनीही विचारलेलं असतं आपल्याच घरातल्या नाहीतर शेजारच्या एखाद्या पोराला, तेही जेवणाच्या ताटावर. मुलांचं मत ही खिशातून काढून दाखवता येईल अशी वस्तू नाही. कोण विचारतंय, आजूबाजूला कोण ऐकतंय आणि उत्तराचं पुढे काय होणार, यावर ते बदलतं. खोटं बोलण्यापेक्षा हा प्रकार वेगळा आहे. ते कसं घडतं यावर अभ्यासकांनी बरंच काम केलंय. वर्गात उभं राहून जे दिसतं त्याच्याशी ते जोडून सांगायचा प्रयत्न करते.

सुरुवात आजूबाजूच्यांपासून. १९५०च्या दशकात सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी पहिल्या रेघेएवढी कोणती, ते मोठ्याने सांगायचं. शेंबड्या पोरालाही जमेल. खोलीतला एकच जण खरा, बाकीचे सगळे आधी पढवलेले. ते एका सुरात चुकीचं उत्तर द्यायचे आणि मग याची पाळी यायची. अशा वेळी साधारण एक तृतीयांश उत्तरं गटाच्या बाजूने, म्हणजे डोळ्यांना दिसतंय त्याच्या उलट आली. हे कॉलेजातले तरुण होते, लहान मुलं नव्हेत. मला त्यातलं जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. पढवलेल्यांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी गटाच्या मागे जाणं एकदम कमी व्हायचं. एक साथीदार पुरतो.

आता हे वर्गात बघा. आमच्याकडे वाढदिवसाला 'बंप्स' द्यायची पद्धत आहे. म्हणजे वाढदिवस असलेल्या पोराला चौघांनी हातपाय धरून उचलायचं आणि बाकीच्यांनी लाथा घालायच्या. वर केक तोंडाला, केसाला, शर्टला. मी एकदा वर्गात विचारलं, हे तुम्हाला आवडतं का? सगळे ओरडले, "होऽऽ". मग एकेकाला मधल्या सुट्टीत, डबा खाताना, सहज विचारत गेले. एक म्हणाला, मला नाही आवडत पण सगळ्यांना आवडतं. दुसराही तेच म्हणाला, आणि तिसराही. चौथ्याने सांगितलं की वाढदिवसाच्या दिवशी तो मुद्दाम शाळा बुडवतो आणि घरी पोटात दुखतंय सांगतो. ज्या 'सगळ्यांना' आवडतं ते सगळे होते तरी कुठे?

प्रत्येकाला आतून नको असतं, प्रत्येकाला वाटतं बाकीच्यांना हवंय, आणि म्हणून प्रथा चालू राहते. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी दारूच्या बाबतीत नेमकं हेच दाखवलं. त्यांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. कॅम्पसवरच्या दारूबाजीबद्दल विद्यार्थी स्वतः जेवढे निवांत होते, त्याहून बाकीचे जास्त निवांत आहेत असं त्यांना वाटत होतं. म्हणजे एकमेकांच्या मतांबद्दल अख्खा गट अंधारात. किशोरवयीनांच्या आवडीनिवडीतला मोठा भाग या अंधारात असतो. कोरियन गाणी ऐकणारा मुलगा 'पोरींचं असतं ते' म्हणून गप्प बसतो. आजीबरोबर जुनी भावगीतं ऐकणारी मुलगी तर तोंडच उघडत नाही. मग आपण बाहेरून म्हणतो, या पोरांना एकाच छापाचं सगळं आवडतं.

इथे लोक मेंदूचा मुद्दा काढतात. पालकसभेत तर हमखास. "मॅडम, त्यांचा मेंदूच अजून पूर्ण वाढलेला नसतो, मोबाईलवर व्हिडिओ पाहिला मी." व्हिडिओ चुकीचा नसतो, अर्धा असतो. कपाळामागचा जो भाग आवर घालतो, पुढचा विचार करतो, तो विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो, हे खरं. पण म्हणून चौदा-पंधराव्या वर्षी नीट विचार करता येत नाही असं होत नाही. भारतासह ११ देशांतल्या १० ते ३० वयाच्या पाच हजारांहून जास्त लोकांवर झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की शांतपणे, सावकाश, तर्काने विचार करायची क्षमता साधारण सोळाव्या वर्षीच मोठ्यांच्या बरोबरीला येते. मागे राहतो तो आवर, म्हणजे घाईच्या, रागाच्या किंवा चार जणांसमोरच्या क्षणी स्वतःला थांबवणं. ते अठराच्या पुढेही पिकत राहतं.

त्या चार जणांचा परिणाम मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एका व्हिडिओ गेमवर मोजला. पडद्यावर गाडी चालवायची, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायचं ते ठरवायचं. दामटलं तर गुण जास्त, पण ठोकर बसली तर गेले. १३ ते १६ वयाची काही मुलं एकटी खेळली, काही मित्र बघत असताना. मित्र मागे उभे असले की धोका बराच जास्त पत्करला. २४च्या पुढच्यांना मित्र असले काय, नसले काय, फारसा फरक पडला नाही. त्यामुळे 'पोरांना काय कळतंय' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. कळतं सगळं. ते कुणासमोर कळतं हा प्रश्न आहे. एकच मुलगा रात्री साडेअकराला वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एखाद्या मुलीबद्दल जे लिहितो आणि दुसऱ्या दिवशी कागदावर एकटा बसून त्याच विषयावर जे लिहितो, त्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. आपण एकच वाचतो. बहुतेक वेळा ग्रुपवरचं, कारण त्याचा स्क्रीनशॉट आपल्यापर्यंत पोचतो.

आता मोबाईलकडे येऊ, कारण त्याच्याशिवाय हल्ली या वयाबद्दल कुणी बोलतच नाही.

प्यू रिसर्च सेंटर ही अमेरिकेतली संस्था १३ ते १७ वयाच्या मुलांना नियमित प्रश्न विचारते. २०२४च्या पाहणीत ४८ टक्के मुलांनी सांगितलं की सोशल मीडियाचा त्यांच्या वयाच्या मुलांवर बहुतांशी वाईट परिणाम होतो. आणि तुझ्यावर? तिथे वाईट म्हणणारे फक्त १४ टक्के. म्हणजे वाईट परिणाम होतो, पण तो शेजारच्यावर. डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन या अभ्यासकाने १९८३ साली या सवयीला 'तिसऱ्या माणसावरचा परिणाम' म्हटलं होतं. माध्यमांचा असर मला नाही, तुलाही फारसा नाही, त्या तिसऱ्याला मात्र जबरदस्त. मोठ्यांचंही तेच असतं. फॉरवर्डना भुलणारे कायम दुसऱ्याच ग्रुपमध्ये असतात, हे तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा 'मुलांना मोबाईलबद्दल काय वाटतं' असं विचारलं आणि उत्तर 'वाईट' आलं, तर ते मत बोलणाऱ्याचं आहे की त्याने तिसऱ्यासाठी दिलेलं, हे आधी पाहायला हवं. माझ्या वर्गातली ती दुधारी शस्त्रं सगळी तिसऱ्यासाठी परजलेली होती.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. 'असर' या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीच्या २०२३च्या अहवालात २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांमधल्या ग्रामीण भागातली १४ ते १८ वयाची मुलं-मुली होती. सुमारे ९० टक्के मुला-मुलींच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो वापरताही येत होता. पण ज्यांना वापरता येतो त्यांच्यापैकी स्वतःचा फोन किती जणांकडे? मुलांमध्ये ४३.७ टक्के, मुलींमध्ये १९.८ टक्के. निम्म्याहूनही कमी. या एका आकड्याने मोबाईलवरच्या प्रत्येक प्रश्नाचे दोन प्रश्न होतात. मुलगा उत्तर देतो तो त्याच्या फोनबद्दल, मुलगी देते ती घरातल्या फोनबद्दल. तो फोन वडील कामावरून आल्यावर मिळतो, दादाचा गेम झाल्यावर मिळतो आणि परत देताना काय काय पाहिलं ते पुसून द्यावं लागतं.

घरातला एकच फोन ही फार मजेशीर गोष्ट आहे, जरा थांबते इथे. एका विद्यार्थिनीच्या आईच्या फोनवर मी रील बघितल्या. आधी ड्रोनने फवारणी, मग दंड कसे फुगवायचे, मग संस्कारभारतीची रांगोळी, मग कुणीतरी रडत रडत गाणं म्हणतंय, मग परत फवारणी. बाबा, दादा, आई आणि ती, चौघांच्या आवडीचं पिठलं. ही यंत्रणा माणूस ओळखत नाही, बोट ओळखते: कुठे थांबलं, किती सेकंद थांबलं, काय परत पाहिलं, काय पुढे पाठवलं, आणि त्यावरून पुढचं वाढते. जिच्याकडे फोन दिवसातून अर्धा तास येतो तिच्यापर्यंत येणारं जग दादाच्या अंगठ्याने आधीच निवडलेलं असतं. उद्या कुणी म्हणालं की ग्रामीण मुलींचा कल अमुक रीलकडे आहे, तर मला त्या फवारणीची आठवण येणार.

सामाजिक प्रश्नांवर बोलायचं तर निबंधांमध्ये आमची मुलं अगदी संत असतात. जातिभेद वाईट, हुंडा वाईट, मुलगा-मुलगी समान, पाणी अडवा पाणी जिरवा. हे ढोंग नव्हे, हे त्यांना पाठ आहे. खरं मत वाचायचं असेल तर ते वहीत नसतं. ते व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला असतं. कोणत्या जयंतीला कुणाचा फोटो लागला, कुणाचा मुद्दाम नाही लागला. सहलीच्या बसमध्ये कोण कुणाशेजारी बसलं. डबा कोण कुणाच्यात बुडवतं. मुला-मुलींची रांग वेगळी असते आणि त्याबद्दल कुणालाच काही वाटत नाही, मलासुद्धा परवा-परवापर्यंत वाटत नव्हतं. तोंडाने सांगितलेलं मत आणि वागण्यातलं मत यांच्यात अंतर असतं, मोठ्यांच्यात असतं तसंच. फक्त मोठ्यांना ते झाकायचा सराव जास्त.

मग विचारायचं कसं? सर्वेक्षण करणाऱ्यांकडे यासाठी एक सुंदर युक्ती आहे आणि ती एका नाण्यावर चालते. मूळ कल्पना स्टॅन्ली वॉर्नर या अभ्यासकाने १९६५ साली मांडली, मी सांगते ते तिचं सोपं रूप. समजा वर्गात ४० मुलं आहेत आणि विचारायचंय, या वर्षी तुम्ही परीक्षेत कॉपी केलीत का? हात वर करायला सांगितलं तर एकही हात वर येणार नाही. त्याऐवजी प्रत्येकाने बाकाखाली नाणं उडवायचं, कुणाला दाखवायचं नाही. छापा पडला तर काहीही असलं तरी चिठ्ठीवर 'हो' लिहायचं. काटा पडला तर खरं काय ते लिहायचं.

आता माझ्या हातात एखादी 'हो'ची चिठ्ठी आली तरी त्या मुलाला मी धरू शकत नाही. छापा पडला होता म्हणून तो मोकळा. पण वर्गाचा हिशेब मात्र निघतो. ४० जणांत साधारण २० जणांना छापा पडणार, म्हणजे २० 'हो' नाण्याचे. एकूण 'हो' जर २९ आले, तर उरलेले ९ माणसांचे, आणि ते काटा पडलेल्या २० जणांमधले. म्हणजे जवळपास ४५ टक्के. चाळीसच नाणी असल्यामुळे हा आकडा थोडा इकडे-तिकडे होणार. हजार जणांत तो जास्त भरवशाचा असतो. पण गंमत बघा, एकाही मुलाला उघडं न पाडता वर्ग खरं बोलला. मी हे करून पाहिलं तेव्हा पोरं इतकी खूश झाली की पुढचे प्रश्न त्यांनीच सुचवायला सुरुवात केली. त्यातला एक मुख्याध्यापकांबद्दल होता, तो मी घेतला नाही. भित्री आहे मी.

दुसरी गोष्ट आणखी साधी. 'तुला काय वाटतं' ऐवजी 'शेवटचं कधी' विचारायचं. तुला वाचायला आवडतं का, याला सगळे 'हो' म्हणतात. शेवटचं काय वाचलंस आणि कुठे बसून, असं विचारलं की एक जण म्हणतो काही नाही, आणि दुसरी सांगते, रेशनच्या रांगेत, फोनवर, एक कोरियन भुताची गोष्ट, तिसावा भाग. मत मागितलं तर निबंध येतो, प्रसंग मागितला तर माणूस येतो.

आता कुणी म्हणेल, एवढी कसरत करून मुलांचं मत काढायचं तरी कशाला? कारण त्यांच्याबद्दलचे निर्णय धडाधड होतायत. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना मोठ्या सोशल मीडिया कंपन्यांवर खातं ठेवता येत नाही. ती खाती रोखायची जबाबदारी कंपन्यांवर टाकलीय. आपल्याकडच्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या कुणाचीही माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, अशी तरतूद आहे. हे बरं की वाईट, तो वाद वेगळा. पण सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या मुलीला आणि सात वर्षांच्या मुलाला एकाच ओळीत उभं केलंय, एवढं तरी त्या मुलीला बोलू द्यायला हवं की नको?

तसा तिचा हक्क कागदावर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेतलं १२वं कलम म्हणतं की ज्या मुलाला स्वतःचं मत बनवता येतं, त्याला त्याच्याशी संबंधित सगळ्या बाबतींत ते मांडता यावं आणि वय व समज पाहून त्या मताला वजन मिळावं. भारताने ही संहिता ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली. शब्द नीट पाहा. मुलं म्हणतील तसंच करा, असं त्यात नाही. ऐका आणि तोलून पाहा, असं आहे. पालकसभेत मी हे सांगितलं की 'म्हणजे आता यांचंच ऐकायचं?' असा प्रश्न येतोच.

आणि मत म्हणजे बोलणंच, असंही नाही. केरळमधल्या एका शाळेतल्या तीन भावंडांना १९८५ साली काढून टाकलं होतं. प्रार्थनेच्या वेळी राष्ट्रगीत लागलं की ती आदराने उभी राहायची, पण धार्मिक श्रद्धेमुळे गायची नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८६ साली बिजो इमॅन्युएल खटल्यात निकाल मुलांच्या बाजूने लागला. अभिव्यक्ती स्वातंत्र्यात गप्प राहण्याचं स्वातंत्र्यही येतं, असा त्याचा अर्थ. वर्गात शेवटच्या बाकावर कधीच हात वर न करणारं पोर दिसलं की मला हा खटला आठवतो. त्याला मत नाही असं मी आता धरत नाही.

शाळांमध्ये तक्रारपेटी असते, तेही मत ऐकायचंच साधन. मी पाहिलेल्या एका शाळेत ती मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी होती, वर कॅमेरा. वर्षभर कुलूप उघडायची वेळ आली नाही, त्यावरून आमच्या मुलांना काही तक्रारच नाही असं अभिमानाने सांगितलं गेलं. पुढे रंगकामाच्या वेळी ती तात्पुरती मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वळणावर टांगली. आठवड्यात नऊ चिठ्ठ्या. सात जणींनी एकच लिहिलं होतं, आतून कडी लागत नाही. कडी दुसऱ्या दिवशी बसली. रंग वाळल्यावर पेटी परत मुख्याध्यापकांच्या दाराशी गेली.

तर त्या मुलीला मी काय सांगितलं? चाचणी चालू होती, बाकीचे बघत होते. मी म्हटलं, "खरं लिही."

तिने सहा ओळी लिहिल्या. फोन आमच्या घरी एकच आहे. तो दादाचा आहे. अभ्यासासाठी मागितला तर तो बाजूला बसून बघतो मी काय करते. म्हणून मला मोबाईल शाप की वरदान ते माहीत नाही, मला तो एक तास एकटीला मिळाला तर सांगेन. आईला पण विचारा. शुद्धलेखनाच्या चार चुका.

मी तीन गुण दिले. पेपर वाटल्यावर तिच्या शेजारच्या रांगेतल्या पोराने, ज्याने दुधारी शस्त्र घोटून पाठ केलं होतं, तिचा कागद ओढून घेतला आणि आपल्या कागदाशेजारी धरला. दोन्हीकडे तीनच. तो उठून टेबलापाशी आला.

"मॅडम, मग मी पाठ कशाला केलं?"